माल आपला, सध्या इथे नाही

शेअर बाजार कुलूपकाकांना कधीच फसवू शकणार नव्हता. का? तर काका शेअर घेणारच नव्हते! "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि हाताने ठोकल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही," असं ते जिन्यात भेटेल त्याला ऐकवायचे, आणि जिना अरुंद असल्यामुळे समोरच्याला ते ऐकावंच लागायचं. चौतीस वर्षं त्यांनी एका रंगाच्या कारखान्याचं भांडार सांभाळलं होतं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. काकांनी ते मागून उघडलं, आत यंत्र आहे याची खात्री केली आणि मगच साहेबांना भाषण सुरू करू दिलं.

घरातही तोच कारभार. साखरेच्या डब्याला कुलूप, टॉर्चच्या पेटीला कुलूप, ज्या खणात सगळ्या किल्ल्या त्या खणालाही कुलूप! त्या शेवटच्या कुलपाची किल्ली काकांच्या गळ्यात. इमारतीतल्या लहानथोरांनी त्यांचं नाव कुलूपकाका ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना मनातून आवडायचं.

काकूंचा या कुलपांवर राग नव्हता. त्यांचा राग होता स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. हा ओटा आधीच्या मालकाने आपल्या ठेंगण्या बायकोच्या मापाने बांधून घेतला होता आणि काकू होत्या चांगल्या उंच. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या वाकून चिरत होत्या, वाकून लाटत होत्या, वाकून भांडी घासत होत्या. संध्याकाळी सरळ व्हायचं म्हणजे आधी भिंत धरायची, मग कंबर, मग देवाचं नाव! म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं लोकांचे पडदे शिवले, पोरांचे शाळेचे गणवेश शिवले आणि नव्या, उंच ओट्यासाठी पैसे साठवले. पैसे दोघांच्या नावावरच्या खात्यात होते. त्यांचे भांडारप्रमुख अर्थातच काका.

आणि इथेच माशी शिंकली.

एका रविवारी जावई आला. जावई म्हणजे फोनवर अंगठा फिरवत जगाचे व्यवहार करणारा माणूस. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "बाबा, मी एका मजेशीर कंपनीचे शेअर घेतलेत. युरेनियमची कंपनी."

"काय बनवते?" काकांनी नाक मुरडत विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे?"

"युरेनियम विकत घेते आणि ठेवते."

"आणि मग?"

"मग ठेवते. ड्रमांमध्ये, परवानाधारक गोदामात. वीज बनवणाऱ्यांना ते लागतं, त्यामुळे भाव वाढला की आपला शेअर वाढतो. बस!"

काकांनी कप खाली ठेवला. "कारखाना?"

"नाही."

"कामगार? संप? बिघाड?"

"नाही हो बाबा."

"आणि माल मागायला कोणी येत नाही? मागणीचिठ्ठी घेऊन? घाईघाईत? जेवणाच्या सुट्टीत?"

"कोणीच नाही. नुसता साठा."

काकांचे डोळे पाणावले! त्यांच्या नोकरीत दुःख ते एकच होतं. भांडार इतकं सुरेख लावावं, डबा डब्याला टेकलेला, नावं सगळी पुढच्या बाजूला, आणि कोणीतरी यावं आणि त्यातला एक डबा घेऊन जावं! जिथून कोणी काही नेत नाही असं भांडार त्यांनी फक्त स्वप्नात पाहिलं होतं. इथे तर नुसत्या भांडाराचीच कंपनी निघाली होती. सगळं आयुष्य साहेब लोकांनी "भांडार म्हणजे अडकलेला पैसा" असं त्यांना हिणवलं होतं, आणि आता जगातले शहाणे लोक आपणहून पैसा अडकवून घेत होते!

त्याच आठवड्यात ओट्याचा पैसा ड्रमात गेला. काकूंना विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, काकांनीच ते राहू दिलं. दोन-तीन महिन्यांत भाव वाढेल, आपण विकू आणि ओटा तर होईलच, वर भिंतीला फरशाही लागतील, असा त्यांचा बेत होता. काकूंना एकदम आश्चर्याचा धक्का द्यायचा!

पण माल घेतला आणि काकांची झोप उडाली. माल पाहिला नव्हता! ठोकला नव्हता! त्यांनी जावयाला फोन लावला.

"जावईबापू, आपल्या वाट्याला किती येतं हो?"

जावयाने बरंच गणित करून सांगितलं, "धरा अडीच किलो."

"कुठल्या ड्रममध्ये?"

"असा वेगळा काढून ठेवलेला नसतो, बाबा. सगळ्यांचा एकत्र."

"आणि दुसऱ्या कोणी आपलाच नेला तर?"

"कोणी काही नेत नाही!"

"मग भेटायला कधी जाता येईल?"

"कोणाला?"

"मालाला!"

मग जावयाने समजावलं, की शेअरवाल्यांना तिथे सोडत नाहीत, फाटकाशीसुद्धा उभं करत नाहीत. काकांना वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. ते तिथले भांडारप्रमुख असते तर त्यांनीही कोणाला सोडलं नसतं.

तरी मन राहीना. लोक काखेत कळसा ठेवून गावाला वळसा घालतात. काकांचा कळसा लांब कुठल्या तरी देशात आणि काखेत नुसता वारा! अखेर त्यांना आपल्या भांडाराची जुनी पद्धत आठवली. आपल्या मालकीचा माल कधी दुसऱ्याच्या गोदामात पडून असला, तर इथली त्याची जागा रिकामी ठेवायची नाही. रिकामी जागा दिसली की दुसऱ्या खात्याचे लोक आपली अडगळ आणून टाकतात. म्हणून त्या जागेवर एक डबा ठेवायचा, पिवळा रंगवलेला. त्यावर मालाचं नाव, खाली वजन, आणि त्याखाली ठरलेली ओळ: माल आपला, सध्या इथे नाही.

काकांनी रंगाचा एक जुना डबा पिवळा रंगवला. कोरीव अक्षरात लिहिलं: युरेनियम. खाली: अडीच किलो. खाली ती ओळ. नुसता रिकामा डबा हातात घेऊन समाधान होईना, म्हणून कुंड्यांसाठी आणलेली बारीक पिवळसर वाळू बरोबर अडीच किलो तोलून त्यात भरली. वरून कुलूप लावलं. झाकणाला कडी नव्हती, म्हणून कुलूप डब्याच्या मुठीला लावलं! आता हा डबा ठेवायचा कुठे? ज्या खात्याच्या पैशातून माल आला, त्याच खात्यात. म्हणजे स्वयंपाकघराच्या माळ्यावर, ओट्याच्या बरोबर वर, जुन्या परातींच्या मागे. काकू पाठीमुळे माळ्यावर चढत नसत. त्या बाजारात गेल्या की काका स्टूल घेत, डबा काढत, हातात तोलत, दोनदा ठोकत आणि परत ठेवत. त्यानंतर ते दिवसभर खुशीत असत.

भाव मात्र वाढेना. काकू विचारायच्या, "मिस्त्रीला कधी बोलवायचं?" काका म्हणायचे, फरशा सध्या महाग आहेत. मग म्हणायचे, सिमेंट सध्या चांगलं येत नाही. एकदा तर म्हणाले, "तो मिस्त्री डावखुरा आहे, ओटा उलटा बांधेल!" चौतीस वर्षं लबाड मागण्या ओळखणाऱ्या माणसाला स्वतःला लबाडी अजिबात जमत नव्हती.

शेवटी एका सकाळी काका पेपर आणायला बाहेर पडले आणि काकूंनी मिस्त्रीला परस्पर मापं घ्यायला बोलावलं.

काका पेपरातला भाव वाचत वाचत परत येत होते. फाटकाशी पोहोचतात तोच समोरून एक पिवळा माणूस धावत आला. केस पिवळे, मिशा पिवळ्या, भुवया पिवळ्या! "पळा! पळा!" असं ओरडत तो काकांना ओलांडून गेला आणि रस्त्याकडेच्या नळाखाली जाऊन बसला. काकांना माणूस ओळखू आला नाही. वाळू मात्र ओळखू आली.

पेपरची घडी न घालताच ते आत धावले.

झालं होतं असं. मिस्त्रीने माप लावायला स्टूलवर चढून पराती सरकवल्या. डबा कलंडला, झाकण उडालं, आणि मिस्त्रीच्या घामेजल्या डोक्यावर अडीच किलोचा अभिषेक झाला. डबा गडगडत खाली आला आणि नावाची बाजू वर करून थांबला. मिस्त्रीने पहिली ओळ वाचली. असली पहिली ओळ वाचल्यावर तिसऱ्या ओळीसाठी कोण थांबतो!

आता सगळी इमारत खाली उतरली होती. सोसायटीचे सेक्रेटरी शिट्टी वाजवत लोकांना मागे हटवत होते. "श्वास कमी घ्या! लागेल तेवढाच घ्या!" असं ते सांगत होते. मधोमध काकू उभ्या होत्या, हाताला पीठ आणि चेहऱ्यावर गोंधळ.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे लोक काय म्हणतायत? आपल्या माळ्यावर काय होतं?"

काकांनी मनात हिशेब मांडला. वाळू आहे म्हणावं, तर वाळूच्या डब्यावर युरेनियम का लिहिलं ते सांगावं लागेल. ते सांगावं, तर शेअर सांगावे लागतील. शेअर सांगावेत, तर ओटा! इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर काकू.

"पाहतो," काका म्हणाले.

तेवढ्यात अग्निशमन दलाची गाडी आली. त्यातून उतरलेला अधिकारी शांत माणूस होता. पुढची काही मिनिटं तो शांत राहिला, एवढीच त्याच्या शांतपणाची कमाल.

"डबा तुमचा?" जवानांनी घरातून खाली आणून ठेवलेल्या डब्याकडे बोट दाखवत त्याने विचारलं.

"माझा."

"तुमच्याकडे युरेनियम आहे?"

साठ्याबद्दल काका आयुष्यात खोटं बोलले नव्हते. मागणी लबाड असेल, पावती लबाड असेल, पण साठा? साठ्याबद्दल खोटं बोलायचं नाही! त्यांची मान आपोआप ताठ झाली.

"आहे," ते म्हणाले.

गर्दी दोन पावलं मागे सरकली.

"किती?"

"अडीच किलो."

"कुठे आहे?"

"नक्की ड्रम मलाही माहीत नाही. दुसऱ्या देशात."

"दुसऱ्या देशात पाठवलं तुम्ही?"

"छे! ते तिथेच होतं. मी पाहिलेलंसुद्धा नाही."

"मग मिस्त्रीच्या अंगावर सांडलं ते काय?"

"वाळू."

"वाळूच्या डब्यावर युरेनियम का लिहिलंय?"

"ते वाळूचं नाव नाही, साहेब. ते जागेचं नाव आहे. वाळू फक्त वजनाला."

अधिकाऱ्याने डबा हातमोज्याने उचलला आणि तिसरी ओळ मोठ्याने वाचली. "माल आपला, सध्या इथे नाही." त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "म्हणजे होता! आता कुठे गेला?"

"नव्हताच!"

"मग 'सध्या' का?"

"पद्धत आहे हो तशी!" काका कळवळून म्हणाले.

"मी आधीच सांगितलं होतं," सेक्रेटरी मध्येच म्हणाले. त्यांनी काय सांगितलं होतं ते कोणालाच आठवत नव्हतं, त्यांनाही नाही.

मग अधिकाऱ्याने किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र काढलं. यंत्र डब्यावर फिरवलं. गप्प! नळाखाली बसलेल्या मिस्त्रीवर फिरवलं. गप्प! मिस्त्री रडवेला झाला. "यंत्र बिघडलंय, साहेब! मला आतून गरम वाटतंय!" अधिकाऱ्याने यंत्र गर्दीवरून फिरवलं, आणि ते सेक्रेटरींपाशी येताच टिकटिकायला लागलं!

सेक्रेटरींची बोबडी वळली. लोक काकांना सोडून सेक्रेटरींपासून लांब पळाले. शिट्टी कोणीतरी त्यांच्याकडून काढून घेतली आणि त्यांच्यावरच वाजवली. शेवटी उलगडा झाला, की त्यांच्या मनगटावर सासऱ्यांचं जुनं, रेडियम लावलेल्या, अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ होतं आणि तेच यंत्राला टिकटिकवत होतं. अधिकाऱ्याने सांगितलं, "घाबरू नका, एवढ्याने काही होत नाही." पण सेक्रेटरींनी घड्याळ काढून हात लांब धरला होता आणि तो खाली घ्यायला ते तयार नव्हते.

या गडबडीत काका सुटलेच होते! डबा निर्दोष, वाळू निर्दोष, गर्दीचं लक्ष दुसरीकडे. ते हळूच जिन्याकडे सरकले. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला.

"अहो, थांबा."

इतक्या सगळ्या लोकांत आता भानावर असलेलं माणूस एकच उरलं होतं.

"तुम्ही साहेबांना म्हणालात की ते तुमच्या मालकीचं आहे. दुसऱ्या देशात. न पाहता घेतलंत." काकू एकेक शब्द टाका घालावा तसा घालत होत्या. "कशातून घेतलंत?"

काकांनी गळ्यातली किल्ली चाचपली.

"माझा ओटा?" काकू म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत, आणि म्हणूनच काकांना ते फार लागलं. त्यांना एकदम सगळे पडदे आठवले. घरात ढीग लावलेले, लोकांच्या खिडक्यांचे पडदे.

"अगं, वाढणार होता भाव. मी तुला एकदम सांगणार होतो..."

"चौतीस वर्षं," काकू म्हणाल्या, "कारखान्याचा मालक स्वतः आला तरी मागणीचिठ्ठीशिवाय खिळा दिला नाहीत. घरी येऊन मला सांगायचात, छाती फुगवून. माझं सगळं भांडार रिकामं केलंत. चिठ्ठी कुठाय?"

काकांनी मान खाली घातली. या प्रश्नाला उत्तर नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक!

जावयाला फोन लागला. उंटावरून शेळ्या हाकत तो म्हणाला, "बाबा, आज विकू नका. आज भाव खाली आहे." काकूंनी फोन आपल्या हातात घेतला. "जावईबापू," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आज या घरात तुमचाही भाव खालीच आहे. विका." पलीकडून लगेच बटणं दाबल्याचा आवाज आला. जेवढे घातले होते त्याहून थोडे कमी आले. ओटा होणार होता. भिंतीच्या फरशा मात्र आता काकांच्या पेन्शनीतून.

काकांना जबाब लिहून द्यायला अग्निशमन केंद्रावर जावं लागलं. तिथल्या कारकुनाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि कारकुनाने तीनदा विचारलं की मग आग कुठे लागली. काका परतले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती आणि पोटात कावळे कोकलत होते.

घरात छान वास सुटला होता. स्वयंपाकघरात टेबलाशी मिस्त्री बसला होता, स्वच्छ न्हालेला, काकांचाच धुतलेला सदरा घातलेला. सकाळच्या धक्क्यानंतर काकूंनी त्याला तसाच कसा जाऊ दिला असता! त्याच्या भरल्या ताटासमोर काकांची नेहमीची जागा होती. काका हात धुऊन मुकाट्याने येऊन बसले.

त्यांच्या जागी ताट नव्हतं. डबा होता. पिवळा.

त्यावर काकूंच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: जेवण. खाली: एका माणसाचं. त्याखाली: माल आपला, सध्या इथे नाही.

इतक्या वर्षांची सवय ती! काकांनी डबा हातात घेऊन तोलला आणि दोनदा ठोकून पाहिला. टण्‌ टण्‌! अगदी रिकामा. रंग ओला होता, तो बोटांना लागला. अक्षरं मात्र पुढच्या बाजूला, बरोबर मधोमध होती, काही म्हणायला जागा नव्हती.

"अगं," ते दबक्या आवाजात म्हणाले, "पण मग सध्या आहे कुठे?"

"परवानाधारक गोदामात," काकू म्हणाल्या आणि त्यांनी मिस्त्रीच्या ताटात आणखी भात वाढला.